खोळ, छत्री, मडगार्ड: पावसातल्या सायकलस्वारीचा आढावा

पावसात सायकल चालवणाऱ्याला पाणी वरून भिजवतं, खालून भिजवतं आणि आतूनही भिजवतं. वरच्या पाण्यावर माणसांनी शेकडो वर्षं डोकं चालवलं आहे. खालच्या पाण्यावरचा उपाय फार जुना, पण हल्ली तो दिसायला बरा नाही म्हणून काढून ठेवतात. आतल्या पाण्याचं, म्हणजे घामाचं, नाव रेनकोटवाला काढत नाही, कारण त्यावर त्याच्याकडे विकायला काही नसतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात दुकानांत जी झुंबड उडते ती सगळी वरच्या पाण्यासाठी. मला वाटतं, आपल्या पावसात सायकलवाल्यानं सर्वांत कमी काळजी करावी ती त्याचीच. असं का, हे सांगायला जरा फिरून यावं लागेल.

सायकल आणि पाऊस म्हटलं की चर्चेत हटकून नेदरलँड्स येतं. तिथे माणसांपेक्षा सायकली जास्त, पाऊस बारमाही, तरी शाळकरी पोरांपासून पंतप्रधानांपर्यंत सगळे सायकलवर; मग आपल्यालाच काय धाड भरली आहे, असा त्या चर्चेचा सूर. आकडे मात्र मजेशीर आहेत. नेदरलँड्समध्ये वर्षाला सरासरी साडेआठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पुण्यात सव्वासातशेच्या आसपास. म्हणजे एकूण पाण्याचा हिशेब केला तर पुणेकर डचांपेक्षा कोरडाच. फरक आहे तो वाटणीचा. डचांचा पाऊस बारा महिन्यांत थोडा थोडा पडतो. वर्षभरातल्या एकूण वेळेपैकी जेमतेम सात-आठ टक्के वेळ तो प्रत्यक्ष चालू असतो. त्यामुळे तिथला माणूस निघण्याआधी फोनवर पावसाचं रडार बघतो, ढग सरकेपर्यंत दहा मिनिटं थांबतो आणि बऱ्याचदा कोरडा पोचतो. ग्रोनिंगन आणि रॉटरडॅममध्ये काही चौकांतले सिग्नल पाऊस ओळखतात आणि पाऊस लागला की सायकलवाल्यांना लवकर हिरवा दिवा देतात. हे सगळं थांबून-थांबून पडणाऱ्या, थंड पावसासाठी आहे. आपला पाऊस चार महिन्यांत सगळं उरकतो. रत्नागिरीत तो तीन हजार मिलिमीटरच्या वर जातो, आणि २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला, म्हणजे डचांच्या वर्षभराच्या पावसापेक्षा जास्त. अशा दिवशी रडार बघून करायचं काय? पुण्यातली भुरभुर थांबते, तिला सवड देता येते; पण कोकणातल्या जुलैला दहा मिनिटं थांबणाऱ्याला ऑगस्टपर्यंत थांबावं लागतं.

आता छत्रीकडे. पाऊस सरळ पडतो, हा उभ्या माणसाचा अनुभव. दोन मिलिमीटरचा मध्यम थेंब सेकंदाला साधारण साडेसहा मीटर वेगानं खाली येतो. सायकल ताशी पंधरा किलोमीटरनं चालली तर ती सेकंदाला चार मीटरांहून थोडी जास्त पुढे जाते. दोन्हींची बेरीज केली की सायकलवाल्याच्या दृष्टीनं पाऊस डोक्यावर पडतच नाही, तो तेहेतीस अंशांच्या आसपास तिरका होऊन समोरून येतो. भुरभुर असेल तर थेंब बारीक, त्यांचा पडण्याचा वेग कमी, आणि मग तिरकेपणा पंचेचाळीस अंशांच्याही पुढे जातो. म्हणून सायकलवर सर्वांत आधी भिजतात त्या मांड्या, त्याही वरच्या बाजूनं, आणि चष्मा. पाठ बराच वेळ कोरडी राहते. डचांनी हे नीट ओळखून फक्त मांड्यांची पुढची बाजू झाकणारे, कमरेला बांधायचे आणि मागून उघडे असे कापडी पट्टे काढले आहेत. बघायला ते अर्धवट शिवलेल्या विजारीसारखे दिसतात, पण हिशेब अचूक आहे.

छत्री घेऊन सायकल चालवणारा मग काय करतो? तो छत्री पुढे कलती धरतो. त्यामुळे मांड्या वाचतात आणि रस्ता दिसेनासा होतो. सरळ धरली तर रस्ता दिसतो आणि मांड्या भिजतात. शिवाय एक हात गेला, म्हणजे एक ब्रेक गेला. तरीही कोकणात, गोव्यात, केरळात छत्री धरून सायकलवर जाणारी माणसं होती आणि अजून आहेत. लांब दांड्याची काळी छत्री, डाव्या हातात दांडा आणि त्याच हाताच्या दोन बोटांत हँडलची मूठ. पाऊस नसेल तेव्हा हीच छत्री सदऱ्याच्या कॉलरला मागून अडकवायची, दोन्ही हात मोकळे. सगळ्यांत यशस्वी प्रकार डबलसीटचा: मागे कॅरिअरवर बसलेल्यानं छत्री धरायची आणि पुढच्यानं पायडल मारायचं. कामाची अशी रास्त वाटणी मी दुसरीकडे फारशी पाहिलेली नाही. फक्त मागचा स्वतःचं डोकं आधी सांभाळतो, त्यामुळे छत्री हळूहळू मागे सरकत जाते आणि पुढच्याला दर चौकात ओरडावं लागतं.

छत्रीचं वेड खरं कळसाला पोचलं ते जपानमध्ये. तिथल्या प्रांतोप्रांतीच्या वाहतूक नियमांत एका हातात छत्री धरून सायकल चालवायला बंदी आहे आणि आता तर अशा गुन्ह्यांना जागेवरच दंडाची पावती फाडतात; छत्रीसाठी पाच हजार येन. ओसाकाच्या बाजूला लोकांनी त्यावर तोड आधीच काढलेली होती. हँडलला छत्री उभी घट्ट पकडून ठेवणारा एक धातूचा दांडा मिळतो, तो बसवला की हात मोकळे. तिकडच्या गृहिणींच्या सायकलींवर तो सर्रास दिसतो. त्यावरही कायद्यानं डोळे वटारले आहेत, कारण उघडी छत्री शेजारून जाणाऱ्याच्या डोळ्यात जाते आणि वारा आला तर शीड होते. पण याच जपान्यांची दुसरी युक्ती मात्र निर्दोष आहे. सायकलीला मागे मुलाची खुर्ची असते, तिच्यावर पारदर्शक प्लास्टिकचा चेनवाला घुमट बसवतात. आई भिजते, पोर काचघरात बसून पावसाची गंमत बघत जातं. आपल्याकडे शाळेच्या वेळेला कॅरिअरवरच्या मुलाला मागून आईच्या रेनकोटात डोकं खुपसावं लागतं, आणि त्याला सगळा रस्ता अंधारच.

छत्रीच्या खालोखाल केप, म्हणजे बाह्या नसलेला, डोक्यातून घालायचा घोळदार कपडा. इंग्लंडमध्ये सायकलवाल्यांची केप जुनी. पुढची कड हँडलवर टाकायची, आत अंगठ्यात अडकवायला दोन फास असतात, मागची कड कमरेला बांधायची. की सायकलीवर एक छोटा तंबू तयार. लँकेशायरमधली १९३२ सालची कॅरडाइस ही कंपनी मेण लावलेल्या जाड सुती कापडाची केप करत आली आहे. चिनी लोकांनी तीच कल्पना पातळ रंगीत प्लास्टिकमध्ये आणली आणि तिचं सोनं केलं. त्यांची केप पुढच्या टोपलीवरूनही पसरते, त्यामुळे भाजी कोरडी. दिव्यासमोर पारदर्शक खिडकी ठेवलेली, त्यामुळे उजेड बाहेर. आणि दुचाकीवरच्या दोघांसाठी दोन डोक्यांची केपसुद्धा मिळते. केपचे फायदे तीन: ती मांड्या झाकते, ती खालून उघडी असते आणि ती सायकलवर बसल्याबसल्या काढता येते. तोटा एकच, वारा. समोरून वारा आला की केप छातीशी फुगते आणि पायडल जड होतं. आडवा आला तर सायकल सरकते. खंबाटकीच्या किंवा कात्रजच्या घाटात केप घालून उतरू नये. शहरात मात्र आजवरच्या सगळ्या कपड्यांत मी तिला पहिला नंबर देईन, आणि तिच्या त्या खालून उघड्या असण्याला निम्मे गुण.

कारण आपल्याकडच्या जुन्या शहाण्यांनाही तेच ठाऊक होतं. इरलं बघा. बांबूच्या कामट्यांची जाळी, तिच्यात दाबून बसवलेली पानं, डोक्यापासून कमरेखालपर्यंत पाठीवर येणारं अर्धगोल छप्पर. भातलावणीला वाकलेल्या बाईच्या पाठीसाठी ते केलेलं आहे: पाऊस पाठीवरून ओघळतो, पुढून सगळं मोकळं, अंगाला वारा लागत राहतो. दिवसभर वाकून काम करणाऱ्या माणसाला घाम येतो, हे इरलं करणाऱ्याला माहीत होतं. घोंगडी तर त्याहून हुशार. धनगरी घोंगडी पाणी अडवते असं नाही, ती ते सावकाश पिते. लोकर आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओलावा पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही, आणि ओलावा घेताना थोडी ऊबही देते. घोंगडीचा कोपरा दुमडून डोक्यावर घेतला की झाली खोळ. सायकलवर घोंगडी जड पडते, भिजली की फारच जड, म्हणून ती तिथे टिकली नाही. पण खोळीची कल्पना टिकली.

गोणपाटाची खोळ ज्यांनी घेतली आहे त्यांना सांगायला नको. पोत्याचा खालचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात आत ढकलायचा, टोकदार टोपी तयार होते, उरलेलं पोतं पाठीवर. पुढे खतांच्या गोण्या प्लास्टिकच्या आल्या आणि युरियाच्या गोणीची खोळ ही ग्रामीण महाराष्ट्राची अघोषित पावसाळी वर्दी झाली. शेतावर जाणारा, दूध घालणारा, शाळेला जाणारा, सगळे त्यातच. पाठीवर खताच्या कारखान्याचं नाव आणि वजन. ती शिवावी लागत नाही, फुकट मिळते, हरवली तर दुःख नाही, आणि मुख्य म्हणजे पुढून पूर्ण उघडी असते. सायकलवर बसून तिची दोन टोकं गळ्याशी गाठ मारून बांधली की ती उडत नाही. शहरी माणूस तिला हसतो आणि स्वतः हजार-दीड हजाराच्या जाकिटात उकडून निघतो.

हे उकडणं कुठून येतं ते बघू. स्नायूंनी खर्च केलेल्या ऊर्जेपैकी पायडलपर्यंत पोचते ती पाव हिश्श्याच्या आसपास. बाकी तीन हिस्से उष्णता म्हणून अंगात राहतात. शांतपणे सायकल चालवणारा माणूसही त्यामुळे अडीचशे वॉटच्या आसपास तापतो. ती उष्णता घाम वाळूनच जाते. एक लिटर घाम वाळायला सुमारे २,४०० किलोज्यूल लागतात, म्हणजे तासाला एक तृतीयांश लिटरहून जास्त घाम वाळवावा लागतो. आता याच्यावर हवाबंद रेनकोट चढवा. वाळलेला घाम बाहेर जाणार कुठे? तो आतल्या बाजूला पुन्हा पाणी होऊन सदऱ्यावर उतरतो. ऑफिसात पोचून रेनकोट काढला की शर्ट ओला असतो आणि माणूस शिवणीला दोष देतो. बऱ्याचदा शिवण निर्दोष असते.

हा त्रास रेनकोटाइतकाच जुना आहे. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिन्टॉशनं १८२३ मध्ये दोन कापडांच्या मध्ये नॅफ्थात विरघळवलेलं रबर घालून जलरोधक कापडाचं पेटंट घेतलं. पाणी अडलं, पण कोट थंडीत कडक व्हायचा, उन्हात चिकट व्हायचा, त्याला वास यायचा आणि आत घाम साचायचा. पुढे रबर गंधकाबरोबर तापवून पक्कं करण्याची रीत निघाली तेव्हा चिकटपणा गेला, घाम राहिला. १९२० मध्ये कोलकात्यात सुरेंद्रमोहन बोस यांनी बेंगॉल वॉटरप्रूफची सुरुवात केली, आणि त्यांचा डकबॅक रेनकोट मराठी घराघरांत पोचला. ज्यांच्या लहानपणी दाराआडच्या खिळ्याला तो टांगलेला असे, त्यांना त्याचं वजन आणि रबराचा वास अजून आठवत असेल. शाळेत तो मोठ्या भावाकडून धाकट्याकडे यायचा, त्यामुळे निदान चार-पाच पावसाळे घोट्यापर्यंत लांब. तो फाटत नसे हा त्याचा गुण आणि तोच दोष.

मग १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांना टेफ्लॉन झटक्यात ताणून त्याचं अतिसूक्ष्म छिद्रांचं पापुद्र्यासारखं अस्तर करता आलं, आणि गेल्या शतकाच्या सत्तरीत गोरटेक्सची जाकिटं बाजारात आली. पाण्याचा थेंब छिद्रातून आत येऊ शकत नाही, पण वाफ बाहेर जाते, हे त्यांचं तत्त्व. आणि ते खरं आहे. अडचण भूगोलाची आहे. वाफ बाहेर जाते ती आत दाब जास्त आणि बाहेर कमी असेल तर. घामेजल्या कातडीजवळ वाफेचा दाब साडेपाच किलोपास्कलच्या आसपास असतो. हॉलंडच्या बारा अंशांच्या ओल्या हवेत तो सव्वा किलोपास्कल, म्हणजे फरक चारच्या वर. मुंबईच्या जुलैत हवा सत्तावीस अंश आणि दमटपणा पंचाण्णव टक्के असताना बाहेरचाच दाब साडेतीनच्या जवळ पोचतो. फरक उरला जेमतेम दोन. तेच महागडं जाकीट इथे निम्म्या ताकदीनं काम करतं. त्यात त्याच्या वरच्या कापडाची पाणी झटकण्याची शक्ती काही धुण्यांत कमी झाली की कापड भिजून बसतं आणि वाफेची वाट आणखी अडते. हॉलंडातल्या आयंडहोवनला नोकरी करून परतलेली मराठी मंडळी तिकडची रेनपँट हौसेनं घेऊन येतात. पहिल्या चढानंतर ती पिशवीत जाते आणि पिशवीतच राहते.

थोडक्यात, थंड पावसात भिजणं हा धोका असतो, कारण अंग गारठतं. आपल्या सपाटीच्या पावसात भिजणं ही निव्वळ गैरसोय आहे. महाबळेश्वर-माथेरानचा वारा किंवा सह्याद्रीतली पहाटेची लांब उतरण सोडली तर इथे भिजून कुणी काकडत नाही. मग अंग कोरडं ठेवण्याचा अट्टहास कशाला? भिजू द्यावं आणि पोचल्यावर कपडे बदलावेत. अर्धी चड्डी, पायात रबरी सँडल, अंगात पटकन वाळणारा पॉलिस्टरचा टीशर्ट, आणि कोरडे कपडे पिशवीत. जीन्स मात्र घालू नये. ती एकदा भिजली की संध्याकाळपर्यंत सोबत करते.

कोरडं ठेवायचं ते दुसरंच काही. पेपर टाकणारी पोरं स्वतः निथळत असतात आणि कॅरिअरवरचा गठ्ठा मात्र दोन थरांच्या प्लास्टिकमध्ये कोरडा ठणठणीत. मुंबईचे डबेवालेही आधी डब्यांवर प्लास्टिक टाकतात, मग स्वतःचा विचार करतात. नागपूरच्या सायकलरिक्षात उतारूच्या अंगावर मेणकापडाचा पडदा असे आणि ओढणारा उघड्यावर. हे न्यायाचं नव्हतं, पण धंद्याची रीत तीच होती, की कोरडा राहतो तो माल. नोकरदार सायकलवाल्याचा माल म्हणजे कपडे, कागद, फोन आणि डबा. कापडी सॅकला वरून घालायचं प्लास्टिकचं कव्हर पाठीच्या बाजूनं उघडं असतं, तिथून पाठीवरचं पाणी आत मुरतं. त्यापेक्षा सॅकच्या आतच जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालून तिचं तोंड पिळून दुमडावं. २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतर कॅरिबॅग घरात सापडेनाशा झाल्या, तेव्हा धान्याच्या दहा किलोच्या पिशव्या जपून ठेवाव्यात. त्या पुरतात.

पिशव्या आणि अशाच घरगुती वस्तूंच्या जोरावर सायकलवाल्यांनी जगभर जे अजब उद्योग केले आहेत त्यांची यादी लांब आहे. सीटवर दुधाची धुतलेली पिशवी चढवणं हा आपला. अंघोळीची प्लास्टिकची टोपी सीटवर किंवा हेल्मेटवर चढवणं हा इंग्रजांचा. मोज्यावर प्लास्टिकची पिशवी आणि वर बूट, हातात भांडी घासायचे रबरी मोजे, हे थंड देशांतले. घाट चढून आलेले शर्यतीतले सायकलपटू उतरणीच्या आधी रस्त्याकडेच्या माणसाकडून वर्तमानपत्र घेऊन जर्सीत छातीवर कोंबत. ते पाण्यासाठी नसे, वाऱ्यासाठी असे, आणि काम करत असे. चष्मेवाल्यांसाठी एक उपाय माझ्या मते सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित आहे: रेनकोटाच्या टोपीच्या आत पुढे झापड असलेली साधी क्रिकेटची टोपी घालावी. तिरका पाऊस झापडीवर अडतो आणि काचा बऱ्याच स्वच्छ राहतात. शिवाय मान वळवली की रेनकोटाची टोपीही तिच्याबरोबर वळते. ती वळली नाही तर मागून येणारी बस दिसत नाही, आणि मग भिजणं-न भिजणं हा प्रश्न गौण होतो.

आता खालचं पाणी. इथे मी जरा कडक बोलणार आहे. ओल्या रस्त्यावर चाक पाणी उचलतं आणि सायकलच्या वेगानं भिरकावतं. मागचं चाक ते पाठीवर मानेपर्यंत रेषेत मारतं, पुढचं चाक बुटांत, चेनवर आणि वेग असेल तर तोंडावर. पावसाचं पाणी निदान स्वच्छ असतं. हे पाणी शेण, डिझेल, माती आणि आणखी काय काय घेऊन येतं, आणि पाऊस थांबल्यावरही तासभर येत राहतं. आपली जुनी काळी सायकल, मग ती हर्क्युलिस असो, अ‍ॅटलस असो की हिरो, या बाबतीत परिपूर्ण होती. पुढे-मागे पत्र्याचे पूर्ण लांबीचे मडगार्ड, चेनवर पूर्ण गिअरकेस, आणि हौशी माणूस मागच्या मडगार्डला रबराचा फ्लॅप लावी, त्यावर कधी गणपती, कधी गुलाब. लेडीज सायकलला मागच्या चाकावर जाळी, म्हणजे साडीचा काठ किंवा ओढणी आरीत जात नसे आणि चिखलानं माखतही नसे. मग गिअरच्या सायकली आल्या आणि दुकानात त्या बहुतेक मडगार्डाविना उभ्या राहिल्या. युरोपातल्या कोरड्या उन्हाळ्यातल्या शर्यतीसाठी केलेली वस्तू आपण जुलैत कर्वे रस्त्यावर चालवतो. पाठीवरच्या त्या काळ्या पट्ट्याला काही जण मर्दुमकीची खूण मानतात, धुणाऱ्याला विचारावं.

नंतर बसवायचे मडगार्ड मिळतात, पण त्यांत भेद आहे. सीटखाली चिमट्यानं लावायची प्लास्टिकची शेपटी फक्त बूड वाचवते. रिकाम्या बाटलीचा अर्धा भाग कापून आणि फ्लेक्सच्या जुन्या बॅनरचे तुकडे करून लोकांनी फ्लॅप केलेले आहेत, आणि बाजारातल्या शेपटीपेक्षा ते चांगले चालतात. खरा मडगार्ड चाकाला मागून घोट्याच्या उंचीपर्यंत झाकतो. समूहानं चालवणाऱ्यांत तर हा शिष्टाचाराचा प्रश्न आहे. दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे वेळेची मर्यादा असलेली लांबची सायकलफेरी, साडेतेरा तासांत पुरी करायची असते आणि पुण्याहून निघणारे पावसाळ्यातही करतात. तेव्हा पुढच्याच्या मागच्या चाकाचं पाणी सतत मागच्याच्या तोंडात. मडगार्ड नसलेल्यानं शेवटी राहावं, हा न लिहिलेला नियम लिहून ठेवायला हरकत नाही.

भिजण्यापेक्षा ज्याची भीती बाळगावी ते ब्रेक. क्रोम चढवलेल्या लोखंडी रिमवर रबराचा गट्टू पावसात जवळजवळ धरतच नाही. एमआयटीचे प्राध्यापक डेव्हिड गॉर्डन विल्सन यांनी सायकलशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात हे मांडलं आहे: ओल्या लोखंडी रिमवर घर्षण कोरड्याच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत खाली येतं, आणि चाकाचे कितीतरी फेरे होऊन रिम पुसली गेल्यावर ते वाढतं. म्हणजे ब्रेक दाबल्यावर काही क्षण काहीच होत नाही आणि मग अचानक लागतो. यावर उपाय एकच, चौकाच्या बराच आधी हलका ब्रेक धरून रिम पुसून घ्यायची. अ‍ॅल्युमिनियमची रिम यापेक्षा बरी, डिस्क ब्रेक त्याहून बरा. पावसाळी सायकलीवर पैसे खर्च करायचेच तर गोरटेक्सवर नको, इथे करावेत. जुन्या बाटली डायनॅमोचा किस्सा असाच. त्याची चकती ओल्या टायरवर घसरायची आणि नेमका अंधाऱ्या पावसात दिवा जायचा. वर पोलीस दिव्यासाठी अडवायचा. आता बॅटरीचे दिवे आहेत, ती कटकट संपली.

चेनला तेल पातळ नको. शिवणयंत्राचं तेल पहिल्या सरीत धुऊन जातं, गॅरेजमधलं काळं ऑइल टिकतं, पण चिखल धरून चेनच कुरतडतं. चेनसाठीचं जाड तेल घालून वरचं फडक्यानं पुसून काढावं. अ‍ॅक्सलपर्यंत पाण्यात सायकल गेली असेल तर आतल्या ग्रीसची साय होते आणि छर्रे गंजतात, म्हणून खंडेनवमीला सायकलीची पूजा करण्याआधी ती मिस्त्रीकडून एकदा उघडून घ्यायची जुनी पद्धत बरोबरच होती.

साचलेल्या पाण्यात सायकल घालावी का, या प्रश्नाला माझं उत्तर नाही असं आहे. त्यात शौर्य नाही. गढूळ पाण्याखाली काय आहे ते दिसत नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत एक नामवंत डॉक्टर छत्री घेऊन पायी घरी जात असताना उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. २००५ च्या पुरानंतर शहरात लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. पायाला जखम असताना अशा पाण्यातून जाणाऱ्यानं नंतर डॉक्टरांना विचारून औषध घ्यावं, असं तेव्हापासून महापालिका दरवर्षी सांगते. सायकलला एक सोय आहे जी मोटारीला नाही: ती उचलून दुसऱ्या रस्त्यानं नेता येते.

तर हिशेब असा जुळतो. वरचं पाणी केपनं किंवा खोळीनं जेवढं अडेल तेवढं अडवा, बाकीचं सोडून द्या. खालच्या पाण्यासाठी पूर्ण मडगार्ड लावा, त्याला पर्याय नाही. आतल्या पाण्यावर आपल्या हवेत कुठल्याच कपड्याचा पुरता इलाज नाही, त्यावर एकच उपाय, पोचल्यावर कोरडे कपडे. आणि घोडं अडतं ते नेमकं इथे. पुण्याच्या महापालिकेनं २०१७ मध्ये शहराचा सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. मार्ग, पट्टे, तळ, सगळं त्यात आहे. पण सायकलनं कामावर आलेल्या ओल्या माणसाला कपडे बदलायला जागा कुठे आहे? बहुतेक कचेऱ्यांत तो स्वच्छतागृहाच्या दारामागे एका पायावर उभा राहून पँट बदलतो आणि ओला टीशर्ट दिवसभर पिशवीत कुबट होत राहतो. यावर लाखो रुपये लागत नाहीत. एक दार बंद होणारी खोली, भिंतीला चार खुंट्या, एक दोरी, एक पंखा आणि सायकली लावायच्या जागेवर पत्र्याचं छप्पर. वाचकांपैकी जे कुणी कचेरी, शाळा किंवा कारखाना चालवत असतील, त्यांनी यंदा मे संपायच्या आत एवढं करून द्यावं. रेनकोटाचं ज्याचं तो बघून घेईल.